घोट, घास आणि पुन्हा घोट

वाइन नुसती चाखली तर तिची अर्धीच ओळख होते, असं माझं ठाम मत आहे. उरलेली ओळख जेवणाच्या ताटावर होते. मी नाशिकची. तिथल्या एका वायनरीत तळघरातलं काम शिकले, मग जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या माइन्झ शहरात आले. इथल्या एका वाइनच्या दुकानात बाटल्या निवडणं आणि कुणाच्या जेवणाबरोबर काय जाईल ते सांगणं, हे माझं काम. या कामाने जे शिकवलं ते सुचेल त्या क्रमाने लिहिते आहे.

१. आधी ताट विचारावं, मग बाटली

दुकानात येणारे बरेच जण “एक चांगली रेड द्या” म्हणतात. मी विचारते, आज घरात काय शिजतंय? “कोंबडी” हे उत्तरही मला पुरत नाही. लिंबू आणि लोणी लावून भाजलेली कोंबडी, क्रीम आणि मशरूममध्ये शिजवलेली कोंबडी, आणि बर्गंडीत करतात तशी रेड वाइनमध्येच मुरवून शिजवलेली कोंबडी, हे तीन वेगळे पदार्थ आहेत. पहिलीला मी आमच्याच भागातली पिनो नॉयर देते. जर्मन लोक तिला श्पेटबुर्गुंडर म्हणतात. दुसरीला माकोंची शार्डने, आणि तिसरीला शिजवताना वापरली त्याच जातकुळीची बर्गंडी. मांस कोणतं यापेक्षा ते कशात आणि कसं शिजलं याला जास्त महत्त्व आहे. सॉसमध्ये मोहरी आहे का, टोमॅटो आहे का, शेवटी साखरेची चिमूट टाकली का, हे कळलं की अर्धी निवड तिथेच होते.

२. चाखण्याची खरी पद्धत: घोट, घास, पुन्हा घोट

वाइन चाखताना ग्लास फिरवणं, वास घेणं, घोट तोंडभर फिरवून थुंकणं हे सगळं मी करते आणि ते आवश्यकही आहे. दिवसभर चाखायचं असेल तर थुंकल्याशिवाय जीभही टिकत नाही आणि डोकंही. पण एखादी वाइन जेवणासाठी सुचवायची असेल तर तिला घासाची परीक्षा द्यावीच लागते.

ही परीक्षा घरी करता येते. बशीत मीठ, लिंबाची फोड आणि थोडी साखर घ्या. शेजारी दोन ग्लास, एकात आंबटसर पांढरी वाइन, दुसऱ्यात तुरट रेड. पांढरीचा घोट घ्या, मग लिंबू चोखा आणि लगेच पुन्हा घोट घ्या. मघाशी धारदार वाटलेली वाइन आता मऊ आणि फळांनी भरलेली लागेल. मग साखर जिभेवर ठेवून तीच प्या. ती एकदम आंबट आणि पातळ वाटेल. मीठ चाखून रेड प्या. तिचा तुरटपणा आणि कडवटपणा खाली बसेल. वाइन तीच असते, बदललेली असते जीभ. नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी पुस्तकाआधी ही बशी देते. यातून दोन सूत्रं हाती लागतात: वाइन ताटातल्या पदार्थाइतकी तरी आंबट हवी, आणि गोडाबरोबर ती गोडाहून गोड हवी. फळांच्या टार्टबरोबर कोरडी शॅम्पेन कितीही महाग असली तरी केविलवाणी लागते. तिथे हंगेरीची गोड ‘तोकाई आसू’ शोभते. तिच्यात साखर पुष्कळ, लिटरमागे किमान १२० ग्रॅम, पण आंबटपणाही तेवढाच जोरकस असतो, म्हणून ती चिकट वाटत नाही.

३. आंबटपणा हा वाइनचा कणा

माइन्झच्या गुटेनबर्ग चौकात पन्नासाव्या उत्तर अक्षांशाची खूण जमिनीत बसवलेली आहे. ती पाहताना मला दरवेळी द्राक्षं आठवतात. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकतं हेच मुळात नवल. नाशिकला जानेवारी-फेब्रुवारीत तोडणी चालू असते आणि ऊन साखर भराभर चढवतं. तिथे आमची धडपड असायची ती फळातला आंबटपणा हातचा जाऊ नये म्हणून. इथे द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत वेलीवर सावकाश पिकतात, रात्री थंड असतात आणि आंबटपणा टिकून राहतो. मोझेल नदीकाठचे मळे काळ्या-निळ्या स्लेट दगडाच्या उतारांवर आहेत. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट उतार तर काही ठिकाणी साठ अंशांहून तीव्र आहे. तिथे माणसं हातानेच काम करतात. त्या कष्टांतून जी रीस्लिंग येते तिचा पहिला घोट घेतला की तोंडाला पाणी सुटतं. जेवणाबरोबरच्या वाइनकडून मला हेच हवं असतं. तोंडाला पाणी सुटलं की पुढचा घास मागितला जातो.

कोकणातला माणूस हे शिकवल्याशिवाय जाणतो. माशाच्या कालवणात कोकम का लागतं, ते त्याला सांगावं लागत नाही. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या मुखाकडे, नांत शहराच्या आसपास, मस्काडे नावाची पांढरी वाइन होते. ती तेच काम करते. हिवाळाभर ती यीस्टच्या गाळावरच ठेवतात, त्यामुळे तिला किंचित भरीवपणा येतो, पण मूळ बांधा सडपातळ आणि आंबटच. कच्च्या कालवांवर लिंबू पिळायच्या ऐवजी तिचा घोट घेतला तरी चालतं. ग्रीसमधल्या सांतोरिनी बेटावर वाऱ्यापासून वाचवण्यासाठी वेल जमिनीलगत टोपलीसारखे वळवून वाढवतात. तिथलं असिर्तिको द्राक्ष कडक उन्हातही आंबटपणा सोडत नाही. भाजलेल्या माशाबरोबर त्याच्याइतकं भरवशाचं मला थोडंच माहीत आहे.

टोमॅटोचंही असंच. टोमॅटो स्वतःच आंबट. त्याच्याबरोबर मऊ, गुळगुळीत, उष्ण प्रदेशातली रेड दिली तर ती ढिसाळ वाटते. टस्कनीचं सांजोव्हेझे द्राक्ष आंबट आहे, म्हणून टोमॅटोच्या पास्त्याबरोबर त्याची साधीशी कियांती जे सुख देते, ते तिप्पट किमतीची बोर्दो देत नाही.

४. तुरटपणाला सोबत लागते

रेड वाइनमधलं टॅनिन द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि काही वेळा ओकच्या पिंपातून येतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून जीभ कोरडी पडते. ताटात मांसाची प्रथिनं, चरबी आणि मीठ असलं की टॅनिनला धरायला दुसरं काहीतरी मिळतं आणि वाइन नरम होते. फ्लोरेन्सचा जाडजूड, आत गुलाबी ठेवलेला, मीठ लावलेला बीफस्टेक आणि कियांती क्लासिको ही जोडी जमते ती याच कारणाने.

बारोलोचं नाव ऐकून लोक ती भेट म्हणून मागतात. नेब्बियोलो द्राक्षाची ही वाइन विक्रीला येण्याआधी किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडात. एवढं करूनही तरुण बारोलो तोंड आवळून टाकते. यजमान शाकाहारी असतील आणि ताटात जुनं चीज किंवा लोण्यात परतलेली मशरूम नसतील, तर मी बारोलो विकत नाही, पैसे देत असले तरी. त्याच पीएमाँत प्रांतातली बारबेरा काढून देते. तिच्यात टॅनिन कमी, आंबटपणा भरपूर, आणि किंमतही बरीच कमी.

५. माशाबरोबर रेड चालते का?

चालते, पण सगळी नाही. रेडबरोबर मासा खाल्ल्यावर कधीकधी तोंडात जी उग्र, धातूसारखी चव राहते, तिचं कारण जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं. स्कॅलप या शिंपल्याबरोबर निरनिराळ्या वाइन चाखवल्यावर दिसलं की वाइनमध्ये लोह जितकं जास्त, तितकी ती चव जास्त. म्हणजे दोष रंगाचा नाही. बोर्दोतले लोक लँप्रे नावाचा सापासारखा मासा रेड वाइनमध्येच शिजवतात आणि रेडबरोबरच खातात. ट्यूना किंवा सामन ग्रिल केला असेल तर मी थोडी थंड केलेली बोझोले बेधडक सुचवते. बांगड्यासारख्या तेलकट, वासाच्या माशाला मात्र पांढरीच.

६. शेरीकडे कुणी बघत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं

दुकानातल्या ज्या कप्प्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, त्यावर धूळ सगळ्यात लवकर बसते. तो शेरीचा कप्पा. लोकांच्या डोक्यात शेरी म्हणजे गोड, दाट, म्हाताऱ्यांचं पेय. पण स्पेनच्या दक्षिणेला, अंदालुसियातल्या हेरेस, सानलुकार आणि एल पुएर्तो दे सांता मारिया या तीन गावांच्या टापूत जी फिनो आणि मांझानिया होते, तिच्याइतकी ठणठणीत कोरडी वाइन जगात क्वचितच असेल.

तिथली माती पांढरी, खडूसारखी, आणि द्राक्ष पालोमिनो. तसं पाहिलं तर साधं, फारशी चव नसलेलं द्राक्ष. त्याच्या वाइनमध्ये थोडा द्राक्षाचा स्पिरिट घालून अल्कोहोल १५ टक्क्यांपर्यंत आणतात आणि पिंपं मुद्दाम पूर्ण भरत नाहीत. वर सोडलेल्या मोकळ्या जागेत वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टची पांढरी साय धरते. तिला तिथे फ्लोर म्हणतात. ही साय हवा आत येऊ देत नाही, वाइनमधलं ग्लिसरीन खाऊन टाकते आणि बदाम, कणकेचा उंडा, समुद्राचा वारा अशा वासांचं काहीतरी मागे ठेवते. वर्षानुवर्षं जुन्या पिंपातून थोडी काढायची, तेवढीच त्याहून तरुण पिंपातून भरायची, अशी सोलेरा पद्धत. म्हणून बाटलीवर साल नसतं. एका बाटलीत कित्येक वर्षं एकत्र झालेली असतात.

गंमत म्हणजे फिनो फारशी आंबट नसते, आणि वर मी आंबटपणाला कणा म्हटलं आहे. पण तिचा कोरडेपणा आणि खारट वाटणारा शेवट तेच काम करतो. तळलेले छोटे मासे, ऑलिव्ह, खारे बदाम, हॅमचे पातळ काप, अंड्याचं ऑम्लेट, आर्टिचोक, म्हणजे बाकीच्या वाइन जिथे अडखळतात तिथे ही सहज चालते. माझ्या घरी बोंबील रव्यात तळले की मांझानियाच निघते. खात्रीने सांगते, कुरकुरीत बोंबलाला याहून चांगली जोडी मला युरोपात सापडलेली नाही. खारे शेंगदाणेही चालतील.

दोनच गोष्टी सांभाळायच्या. ती फ्रिजमधून काढून गार प्यायची, आणि बाटली उघडल्यावर आठवड्याच्या आत संपवायची. घरात दोघंच असाल तर अर्धी बाटली घ्यावी. हॉटेलात महिनाभर उघडी पडलेली फिनो मिळाली, तर तिच्यावरून मत बनवू नका.

७. तिखटाबरोबर काय, हा आपल्या लोकांचा पहिला प्रश्न

फ्रँकफर्टच्या आजूबाजूला मराठी माणसं बरीच आहेत. त्यांच्यातले कुणी दुकानात आले की हा प्रश्न हमखास येतो. बहुतेकांच्या हातात आधीच एक जड, साडेचौदा टक्क्यांची रेड असते, कारण “मसालेदार मटणाला तगडी वाइन लागते” असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मी ती बाटली हळूच परत ठेवते. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या संवेदकांना चेतवतं आणि अल्कोहोलही त्याच संवेदकांना डिवचतं. आग विझायच्या ऐवजी वाढते. त्यात टॅनिनची तुरट भर पडली की मसाल्याची चव जाते आणि नुसता चटका उरतो.

तिखटाला हवी कमी अल्कोहोलची, थोडी गोड आणि आंबट वाइन. मोझेलची काबिनेट रीस्लिंग या तिन्ही अटी पूर्ण करते. तिच्यात अल्कोहोल अनेकदा आठ-नऊ टक्केच असतं. गोडीमुळे तिखट मवाळ होतं आणि आंबटपणामुळे गोडी अंगावर येत नाही. नारळाच्या वाटणातल्या सुरमईच्या कालवणाबरोबर ही वाइन मी कित्येकांना पाजली आहे. “गोड वाइन नको” म्हणत नाक मुरडणारे दुसरा ग्लास स्वतःच भरून घेतात.

इथे लेबल वाचायला शिकावं लागतं. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे या पायऱ्या द्राक्षं तोडताना रसात साखर किती होती ते सांगतात. बाटलीतली वाइन किती गोड आहे ते सांगत नाहीत. त्यामुळे कोरडी काबिनेटही मिळते. ‘ट्रोकन’ लिहिलं असेल तर कोरडी, ‘फाइनहेर्ब’ असेल तर किंचित गोड. काहीच लिहिलेलं नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघा. मोझेलच्या रीस्लिंगवर आठ लिहिलं असेल तर साखर बाटलीत उरली आहे. बारा असेल तर बहुतेक सगळीचं अल्कोहोल झालं आहे.

भारतीय जेवणाला आल्सासची गेवुर्त्स्ट्रामिनर सुचवायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. गुलाबाचा, लिचीचा वास सुंदर असतो, पण अल्कोहोल जास्त आणि आंबटपणा कमी, त्यामुळे तेलाच्या तवंगापुढे ती दमते. पोर्तुगालच्या वायव्येची हलकी, जिभेवर जरा चुरचुरणारी विन्यो व्हेर्द त्यापेक्षा बरी, विशेषतः कोळंबीबरोबर. आणि कोल्हापुरी तांबड्या रश्शाबरोबर मी काहीच सुचवत नाही. त्याला पांढरा रस्सा आहे.

८. मोसमाबरोबर चालावं

एप्रिल उजाडला की माइन्झच्या बाजारात पांढरी शतावरी येते. इथे तिला श्पार्गल म्हणतात आणि २४ जूनला तिची तोडणी थांबवतात, म्हणजे मुळांना पुढच्या वर्षासाठी विसावा मिळतो. उकडलेली शतावरी, नवे बटाटे, हॅम आणि वर लोण्या-अंड्याचा होलांडेझ सॉस. शतावरीचा हिरवट, गंधकी वास वाइनला फार त्रास देतो. ओकच्या पिंपातली वाइन तर कडू लागते. इथल्या लोकांचं उत्तर ठरलेलं आहे: सिल्व्हानर. शांत, मातकट, कुठेही पुढे-पुढे न करणारी पांढरी वाइन. फ्रांकन प्रांतातल्या कास्टेल गावात १६५९ मध्ये तिची रोपं लावल्याची नोंद आहे, आणि आज या द्राक्षाचे जगातले सर्वांत जास्त मळे माइन्झभोवतालच्या आमच्या ऱ्हाइनहेसन प्रदेशात आहेत. सिल्व्हानर नुसती चाखली तर कुणी तिला पहिला नंबर देणार नाही. शतावरीच्या ताटाशेजारी ठेवली की बाकीच्या नामांकित बाटल्या बाजूला होतात.

शनिवारी सकाळी कॅथेड्रलशेजारच्या बाजारात पाव, सॉसेज आणि वाइन घेऊन माणसं उभ्याउभ्याच गप्पा मारतात. वाइन आणि खाणं एकमेकांना कसं सांभाळून घेतात ते शिकायला मला ती जागा कुठल्याही वर्गापेक्षा उपयोगी पडली.

९. चीजबरोबर पांढरी

रेड आणि चीज ही जोडी जितकी प्रसिद्ध आहे तितकी चांगली नाही. मऊ, दुधाळ चीजबरोबर तुरट रेड कडवट आणि करकरीत होते. सान्सेरची सोविन्यों ब्लाँ आणि तिथल्याच शाविन्योल गावाचं बकरीच्या दुधाचं चीज एकत्र खाऊन बघा. झ्युरा डोंगरांतलं कोंते चीज आणि तिथली व्हाँ झोन, म्हणजे सहा वर्षांहून जास्त काळ पिंपात यीस्टच्या सायीखाली मुरलेली, अक्रोडाच्या वासाची पिवळी वाइन, हा माझा सर्वांत आवडता मेळ. तिची बाटलीही वेगळी, ६२ सेंटिलिटरची बुटकी.

जिथलं खाणं तिथलीच वाइन, हा नियम अनेकदा लागू पडतो, पण त्याला डोळे झाकून धरू नये. स्टिल्टन चीज इंग्लंडचं, पोर्ट पोर्तुगालची, आणि त्यांना जोडलं इंग्रज व्यापाऱ्यांनी. खारट निळं चीज आणि दाट गोड वाइन कुठल्याही देशांतली असली तरी जमतात. रोकफोर आणि सोतेर्न यांचंही तसंच.

१०. थंडी-उष्णता

रेड ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला जुन्या, थंड दगडी घरांचा आहे. १६ ते १८ अंश पुरे, हलक्या रेडला त्याहूनही कमी. पुण्या-मुंबईच्या खोलीत तीस अंश असतात. तिथे रेड अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावीच. उलट, चांगली पांढरी बर्फात बुडवली तर तिचा वास मुका होतो. दहा अंशांच्या आसपास ती बोलू लागते.

११. बिघडलेली बाटली परत करावी

वेटर आधी घोटभर ओततो तो आवडली की नाही हे विचारायला नव्हे, वाइन बिघडली आहे का ते पाहायला. बुचातून येणाऱ्या टीसीए नावाच्या रसायनाने वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास येतो आणि फळांचा वास मरतो. ते प्रकृतीला घातक नाही, पण जेवणाची मजा घालवतं. वास आला की स्पष्ट सांगावं. चांगल्या ठिकाणी वाद न घालता दुसरी बाटली आणतात.

१२. शिफारस करताना माणसाकडे बघावं

बजेट विचारायला मी लाजत नाही आणि ग्राहकालाही लाजू देत नाही. “दहा युरोत काय मिळेल?” हा अतिशय चांगला प्रश्न आहे. दहा युरोत उत्तम मस्काडे मिळते आणि चांगली बर्गंडी मिळत नाही, हे खरं तेच सांगावं. प्रसिद्ध प्रदेशाची स्वस्त बाटली घेण्यापेक्षा कमी नावाजलेल्या प्रदेशाची मनापासून बनवलेली बाटली घ्यावी.

शब्दही समोरच्याचेच वापरावेत. आंबट, गोड, तुरट, हलकी, जड या पाच शब्दांत बहुतेक सगळं सांगता येतं. कुणाला काय आवडतं ते कळायला मी विचारते, चहा कोरा पिता की दुधाचा? कैरी मीठ लावून खाता का? कोरा चहा आवडणाऱ्याला तुरट वाइन बिचकवत नाही. आणि जो पीत नाही त्याला आग्रह करू नये. त्याच्यासाठी मळ्यातला न आंबवलेला द्राक्षरस असतो, तोही त्याच सुंदर ग्लासात ओतावा.

१३. तीनच बाटल्या घ्यायच्या तर

मराठी घरात पाहुणे येणार आहेत, ताटात तळलेलं, रश्शाचं आणि मटणाचं असं सगळंच आहे, आणि विचारणारा गडबडीत आहे, अशा वेळी मी तीन बाटल्या काढते. सुरुवातीला भजी, बोंबील किंवा चकल्यांबरोबर गार मांझानिया. माशाच्या कालवणाला मोझेलची काबिनेट. गोडीची खात्री करण्यासाठी अल्कोहोलचा आकडा वाचून. मटणाच्या सुक्याला ओकमध्ये न ठेवलेली बारबेरा, वाढायच्या अर्धा तास आधी फ्रिजमध्ये ठेवून. काबिनेट उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस छान राहते. दुसऱ्या दिवशी पोह्यांबरोबर चाखून बघा, वर लिंबू पिळून.